विश्लेषण : ‘क्रिएटिव्ह’ असण्याची सक्ती आली कुठून?

नोकरीच्या अर्जात ‘क्रिएटिव्ह’, शाळेच्या जाहिरातीत ‘सर्जनशील शिक्षण’, लग्नाच्या निमंत्रणातही काही तरी ‘हटके’. कल्पकता ही एके काळी मोजक्यांची ओळख होती. आता ती सगळ्यांकडूनच अपेक्षित असते. या अपेक्षेचा इतिहास जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे.

सुरुवात कशी झाली?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे तत्कालीन अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० च्या अध्यक्षीय भाषणात एक आकडेवारी मांडली. मानसशास्त्रीय संशोधनाच्या सूचीत सुमारे १ लाख २१ हजार शीर्षके होती. त्यातली सर्जनशीलतेशी थेट संबंधित केवळ १८६. सर्जनशीलता ही फक्त प्रतिभावंतांची मिरास नाही, ती कमीअधिक प्रमाणात प्रत्येकात असते आणि अभ्यासता येते, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ विचार उदारच. पण काळ शीतयुद्धाचा होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ सोडला आणि नव्या कल्पना सुचणारी डोकी कुठून आणायची, याचा घोर अमेरिकेला लागला. ‘प्रत्येकात असते’चे ‘प्रत्येकाने दाखवावी’ होण्याची वाट इथून सुरू होते.

पैशाशी सांधा कधी जुळला?

ब्रिटन सरकारने १९९८ मध्ये जाहिरात, फॅशन, चित्रपट, सॉफ्टवेअर अशी १३ क्षेत्रे ‘सर्जनशील उद्योग’ म्हणून मोजली. २००२ मध्ये रिचर्ड फ्लोरिडा यांच्या ‘द राइज ऑफ द क्रिएटिव्ह क्लास’ने शहरांची भरभराट अशा कल्पक वर्गावर अवलंबून असल्याचे सांगितले. शहरांच्या कारभाऱ्यांना हे न आवडते तरच नवल. त्याच यशस्वी शहरांत घरे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली आणि विषमता वाढली, हे पुढे २०१७ मध्ये फ्लोरिडा यांनीच लिहिले. जर्मन समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस रेकविट्झ यांनी २०१२ च्या पुस्तकात नेमके बोट ठेवले : आजच्या समाजात सर्जनशील असण्याची इच्छा आणि सक्ती एकमेकांत मिसळली आहे. त्यामुळे ‘मला नाही व्हायचे सर्जनशील’ असे कुणी म्हटले तर ते समजूनच घेता येत नाही.

आपल्याकडे काय?

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे ‘रील्स’ भारतात सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने ‘राष्ट्रीय क्रिएटर्स पुरस्कार’ दिले, मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ परिषद भरली. उत्साह समजण्यासारखा आहे, पण मेहनत आधी आणि मोबदला नंतर, तोही मिळाला तर, असा हा व्यवहार. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेलेले व्हिडीओ (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतात. तोवरचे काम फुकट, आणि दोन आठवडे काही टाकले नाही तर प्रेक्षक विसरतील ही धास्ती वेगळीच.

झळ इतरांनाही बसते. रुग्णाला औषधाची मात्रा देणाऱ्या परिचारिकेकडून कुणालाच ‘हटके’ काही नको असते. हवी असते ती रोजची तीच अचूकता. राज्यातल्या शिक्षकांसाठी ‘एससीईआरटी’ची नवोपक्रम स्पर्धा असते. तोच पाढा दर जूनमध्ये नव्या मुलांना तितक्याच नेटाने शिकवण्याचे कसब नवोपक्रमाच्या अहवालात बसत नाही.