वृद्धांची दिनचर्या आणि घरातील सेन्सर

दिनचर्येचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. वार्धक्यात वाताचे प्राबल्य असते. त्यामुळे निद्रा, आहार व मलमूत्रप्रवृत्ती यांतील बदल पुष्कळदा व्याधीची पहिली सूचना ठरतो. अकोले, पारनेर यांसारख्या तालुक्यांत मुले पुण्या-मुंबईस आणि घरी एकटी आई, अशी घरे आता विरळ नाहीत. प्रश्नपरीक्षेत ‘बरं चाललंय’ एवढेच उत्तर मिळते. रात्री किती वेळा उठावे लागले, हे रुग्णासही नेमके आठवत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारे साधन म्हणजे घरात बसविलेले सेन्सर.

यासाठी कॅमेरा लागतोच असे नाही. दारावर चुंबक व स्विच यांची जोडी बसविली की दार उघडल्याची नोंद होते. दुसरा सेन्सर शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपतो, तर अंथरुणाखालील पट्टी दाब नोंदविते. एकट्या नोंदीस फारसा अर्थ नसतो. पहाटे अंथरुणावरील दाब नाहीसा झाला, मग शौचालयाचे दार उघडले, नंतर स्वयंपाकघरातील कपाट, असा क्रम व वेळ जुळवून संगणक संभाव्यतेच्या गणिताने क्रिया ओळखतो.

जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ साली पाणी तापविण्याचे विजेचे भांडेच या कामी योजले. वृद्धाने ते वापरल्याची वार्ता दूरच्या नातलगास मिळू लागली. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन स्त्रियांच्या घरी ७७ व ८४ सेन्सर दोन आठवडे लावले होते. त्यांतील एक स्त्री ८० वर्षांची होती. अचूकता निकषानुसार २५ ते ८९ टक्के आली.

ही घरे म्हणजे एकाच व्यक्तीच्या सदनिका होत्या. आपल्या वाडी-वस्तीवर दार दिवसभर उघडे असते, शेजारीण सहज आत येते, उन्हाळ्यात झोप अंगणात होते आणि वीजही जाते. म्हणून बॅटरीवर चालणारे, शौचालयाचे दार व रात्रीचे अंथरूण एवढ्यापुरते मोजके सेन्सर येथे अधिक उपयोगी ठरतील.

रात्रीच्या फेऱ्या दोनावरून पाचावर गेल्यास प्रमेह, मूत्रविकार किंवा चालू असलेले मूत्रल औषध यांचा विचार करावा. अंधारात पडून अस्थिभंग होण्याचा धोकाही ध्यानी घ्यावा. मात्र दार उघडले एवढेच यंत्रास कळते. प्रवृत्ती मलाची की मूत्राची, सकष्ट की सुखाने, हे विचारूनच कळेल.

शेवटी, सेन्सर वृद्धाच्या संमतीनेच बसवावा आणि नोंदी कोणी पाहाव्यात हेही त्यानेच ठरवावे. लेकराच्या काळजीपोटी का होईना, आईवर पाळत ठेवली जाऊ नये. यंत्र बदल दाखवील. निदान दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांनीच करावयाचे आहे.