तुरा सुकला म्हणून कुंडी टाकू नका

पोलादपूरच्या एक वहिनी श्रावणात महाडला आल्या, त्या पिशवीत कुंडी घेऊनच. लेकीने पुण्याहून आणलेले ब्रोमेलियाड. लाल तुरा काळवंडलेला, पाने पिवळी. “भाऊ, रोज तांब्याभर पाणी घालते, तरी मरतंय. टाकून देऊ का?”

अननस आपल्या ओळखीचा. ब्रोमेलियाड त्याच कुळातले, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले. आंबेनळी घाटात ऑर्किड फांद्यांवर वाढतात, तशा याच्या अनेक जाती वाढतात. मुळे मुख्यतः पकड घेण्यासाठी. पाणी साठते पानांमधल्या पेल्यात. वहिनींनी कुंडीत अंगणातली माती ठासली होती. त्यात आपला पावसाळा! मुळे कुजणारच. मधले पान हलकेच ओढून पाहिले. ते सुटून आले आणि घाण वास आला, तर गाभा गेला समजावे. इथे पान घट्ट होते.

माती झटकली, काळी मऊ मुळे कापली, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे भरले. बुरशी दिसली म्हणून सुपारीवरचे बोर्डो मिश्रण मात्र मारू नका. त्यातले तांबे या झाडाला विषासारखे. पाणीही तांब्याच्या भांड्यातले नको. बोअरच्या क्षारांनी पानांची टोके करपतात. पावसाचे पाणी उत्तम, पण झाकून ठेवलेले.

पेल्यातल्या पाण्याचे मी जरा दटावूनच सांगतो. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून पेला रिकामा करा, नवे पाणी घाला. घरच्या ‘कोरड्या दिवसा’त पिंपांबरोबर हीही कुंडी धरा.

आता तुऱ्याचे. हा रोग नव्हेच. यातली बहुतेक झाडे एकदाच फुलतात आणि मग केळीसारखी सावकाश मावळतात, पण बुंध्याशी पिल्ले देऊन. पिल्लू आईच्या निम्म्याएवढे झाले की धारदार सुरीने वेगळे करावे. वाढलेले पिल्लू फुलत नसेल, तर पेला रिकामा करून कुंडी पिकलेल्या सफरचंदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधावी, उन्हात नव्हे. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलोरा सुटतो. तुरा दिसायला दोन-तीन महिने लागतात.

वहिनींच्या कुंडीत दोन पिल्ले होती. त्या त्यांना तण समजून उपटणार होत्या.