दगडात स्वतःचे नाव कोरणारा रिकार्थ

इंग्लंडच्या कम्ब्रिया परगण्यातल्या ब्राइडकर्क गावात, सेंट ब्राइड चर्चमध्ये, १२व्या शतकातले दगडी बाप्तिस्माकुंड आहे. चर्चची आजची इमारत १९व्या शतकातली. कुंड तिच्याहून सुमारे ७०० वर्षांनी जुने. चौकोनी कुंडाच्या चारही बाजू कोरलेल्या आहेत: येशूचा बाप्तिस्मा, एदेन बागेतून हाकलले जाणारे आदाम-हव्वा, वेलबुट्टी आणि चमत्कारिक प्राणी.

खरी गंमत एका अरुंद पट्टीत आहे. तिच्यावर रूनी लिपीत, पण तेव्हाच्या इंग्रजीत, चक्क यमक जुळवून लिहिले आहे की हे काम रिकार्थने घडवले. इंग्लंडमध्ये ती लिपी तोवर जवळपास मोडीत निघाली होती. खाली हातोडी-छिन्नी घेऊन वेल कोरणारा इवलासा माणूस दिसतो. बहुधा तो रिकार्थच.