दोन मस्टरवरची माणसं

कोल्हापुरात टीएची, म्हणजे प्रादेशिक सेनेची, भरती निघाली की टेंबलाईच्या टेकडीकडे पोरांची रीघ लागते. त्या गर्दीचे फोटो दरवेळी छापून येतात. मला मात्र वर्षानुवर्षं कुतूहल आहे ते त्यानंतरचं. कॅम्पचं बोलावणं आलं की भरती झालेल्या माणसाच्या नोकरीचं, दुकानाचं, घराचं काय होतं?

प्रादेशिक सेनेचं उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी केलं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत ती लढली, हे सर्वांना ठाऊक आहे. तिचं तत्त्वच असं की पोटापाण्याचा उद्योग आधी हवा, वर्दी त्यानंतर. मग त्या उद्योगाचं रक्षण कोण करणार? उत्तर १९४८च्या प्रादेशिक सेना कायद्यातल्या कलम ७अमध्ये आहे. हे कलम वाचताना मी थबकलो, कारण ते लिहिणाऱ्याने मालक लोकांचं पाणी पुरतं ओळखलं होतं.

नोकराला रजा द्यायची आणि सेवा संपली की पूर्वीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर परत घ्यायचं, हे मालकाचं कर्तव्य. इतकं कुणीही लिहिलं असतं. पण बोलावण्याचा वास लागताच माणसाला आधीच काढून टाकणाऱ्याचं काय? त्याचीही सोय आहे. हुकूम निघाल्यानंतर नोकरीवरून काढलं, तर हेतू जबाबदारी टाळण्याचाच होता असं गृहीत धरायचं. तसा तो नव्हता, हे मालकाने सिद्ध करायचं. जवानानेही परतल्यावर दोन महिन्यांत अर्ज करायला हवा, नाहीतर मालक सुटतो.

इतकी पक्की वीण, आणि शेवटी टाका सुटतोच. परत घेणं शक्य नाही असं मालकाने पटवून दिलं, तर भरपाई जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी. आदेश धुडकावला तर दंड हजार रुपयांपर्यंत. मे २०२५मध्ये सरकारने टीएच्या ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ तैनात करायची मुभा दिली. त्या आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८पर्यंत आहे. एवढ्या लांब मुदतीपुढे सहा महिन्यांचा पगार फार तोकडा वाटतो.

शिवाय ज्याला मालकच नाही, त्याचं काय? वकिलाचं अशील दोन महिने थांबत नाही. किराणा दुकानाचं गिऱ्हाईक तर दोन दिवसही थांबत नाही. अशा घरात बायको गल्ल्यावर बसते, उधारी वसूल करते, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची औषधं बघते. तिच्या खांद्यावर ही सेना उभी आहे असं मला मनापासून वाटतं, आणि कलम ७अमध्ये तिचा उल्लेख नाही. याच सेनेची दारं बायकांना खुली आहेत, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला २०१८ साली निकाल द्यावा लागला.

सर्वांत बोलका कागद मात्र सर्वोच्च न्यायालयाचा आहे, १७ डिसेंबर २०२१चा. कुमाऊँमधल्या पर्यावरण बटालियनचा एक जवान. नियमित सैन्यातली नोकरी पुरी करून टीएत आलेला. दहा दिवसांची रजा मिळाली, घरी निघाला आणि वाटेत अपघात झाला. उजवा पाय कापावा लागला, अपंगत्व ८० टक्के. इजा सैन्यसेवेशी निगडित आहे असं सैन्याच्याच चौकशीने म्हटलं. तरी अपंगत्व पेन्शन नाही, कारण भरतीच्या वेळी सही केलेल्या अटींत ती बसत नव्हती.

निकाल लिहिला आपल्या अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवईंनी. त्यांचा प्रश्न सरळ होता. बलाढ्य भारत सरकार आणि निवृत्तीनंतर पुन्हा काम मागायला आलेला साधा सैनिक, यांची घासाघीस बरोबरीची कशी म्हणायची? नाइलाजाने केलेल्या सहीने हक्क जात नाही, असं सांगत न्यायालयाने नियमित सैनिकाप्रमाणेच त्यालाही पेन्शन द्यायला लावली.