मारलं ते माळवदानं

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडची गावं गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. तीव्रता ६.२, बळी आठ ते दहा हजार.

२२ मे १९६० रोजी चिलीत झालेल्या भूकंपाची तीव्रता होती ९.५. उपकरणांनी नोंदवलेला आजवरचा हा सर्वांत मोठा भूकंप. किल्लारीशी फरक कागदावर जेमतेम ३.३ अंकांचा. पण या मोजपट्टीवर एक अंक चढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंकांत हजार पट. त्या हिशेबानं चिलीच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या जवळपास ९० हजार पट भरते! जमिनीखालची भेगच समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांहून लांब फाटली होती. तरीही तिथल्या बळींचा मोठ्यातला मोठा अंदाज सहा हजारांच्या घरात, त्सुनामीचे बळी धरून.

आधीच्या धक्क्यांमुळे चिलीत बरेच लोक घराबाहेर होते, हे खरं. मग किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात काय झालं ते पाहा. वेळ तीच साखरझोपेची, ४ वाजून ३१ मिनिटं. तीव्रता ६.७, म्हणजे ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून जास्त. बळी साठच्या आसपास.

किल्लारीत माणसं मेली ती घराखाली. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती धरली, तरी झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर साडेचार टनांचा भार होतो. बऱ्याच माळवदांचा थर याहून जाड होता.

पळायला वेळ किती मिळतो? भूकंपाची पहिली, सौम्य लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, पडझड करणारी दुसरी साडेतीन. केंद्र पायाखाली दहा किलोमीटरवर असेल, तर दोन्ही लाटांत अंतर पडतं सव्वा सेकंदाचं. तेवढ्यात माणूस अंथरुणावर उठूनही बसत नाही.

म्हणून पक्क्या इमारतीत असाल तर जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका. खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं-मान झाका आणि हादरे थांबेपर्यंत टेबलाचा पाय सोडू नका. बाहेर असाल तर भिंती आणि विजेच्या तारांपासून लांब मोकळ्यावर थांबा.

खरी तयारी मात्र आधीची. दगडविटांचं घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा सळ्यांचा काँक्रीट पट्टा घालून घ्या. कपाट भिंतीला ठोकून घ्या. आणि आज रात्री पाठ टेकण्याआधी एकदा वर बघा: उशीवर पडेल असं काही लटकतंय का? असेल तर आजच काढा.