जाड तेल, पातळ तेल आणि मामाची पिकअप

मागच्या वर्षी मे महिन्यात रात्री अकराला मामाचा फोन आला. "कोंडाईबारीच्या घाटात गाडी बसली रे. ओढच नाही, मागून नुसता धूर." गाडीत सुरतच्या बाजारातून भरलेला साड्यांचा माल, पोचवायचा धुळ्याला, आणि दिवस लग्नसराईचे. टोचन लावून गाडी खाली आणली, माल दुसऱ्या टेम्पोत चढवला. चार दिवसांनी कळलं, टर्बो गेला. खर्चाचा आकडा ऐकून मामी गप्पच बसली. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत.

मला मात्र वेगळीच टोचणी लागली. दीड वर्षापूर्वी मामानं मला विचारलं होतं, "मेकॅनिक म्हणतो, गरमी छे ने, जाडुं ऑइल नाखो. तू इंजिनिअर, सांग, टाकू का?" मी बीई आहे खरा, पण कॉम्प्युटरचा. मामाच्या लेखी बीई म्हणजे बीई. मीही ऐटीत सांगून टाकलं, "टाक की! जाड तेल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण." गाडीचं मॅन्युअल समोरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. ते मी उघडलंही नाही. ऑफिसात येता-जाता 'आधी डॉक्युमेंटेशन वाचा' म्हणणारा मी!

त्यानंतर मात्र नीट वाचलं, दोन जाणत्या मेकॅनिकांशी बोललो. जे समजलं ते आपल्या मंडळींसाठी लिहितो आहे, कारण आपल्याकडे घरटी एक तरी गाडी आहे आणि बऱ्याच घरांचं पोट गाडीवरच चालतं.

डब्यावरचे आकडे

डब्यावर '५डब्ल्यू-३०' किंवा '१५डब्ल्यू-४०' असं लिहिलेलं असतं. ही वर्गवारी एसएई या अमेरिकी संस्थेची. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते आणि गोडेतेल सहज ओतता येतं, तसाच हा फरक.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. १०० अंशांवर तेल किती घट्ट राहतं, ते सेंटिस्टोक या एककात मोजतात. ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. साधं पाणी साधारण १. म्हणजे हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. तेलाचा दर्जा त्यावरून कळत नाही.

सुरतची गरमी कुठे आड येते?

मला वाटायचं, बाहेर ४२ अंश म्हणजे तेल पातळ होणारच, मग जाडच हवं. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या आसपास ठेवतात, उन्हाळा असो की हिवाळा. तेल जास्त तापतं ते ओझ्यानं: भरलेली गाडी, लांब चढ, जोरात पळवणं. म्हणून शहरात माल टाकणारा टेम्पो आणि घाट चढणारी पिकअप यांची गरज वेगळी असू शकते.

मग जाडच टाकलं तर काय बिघडतं? इंजिनात फिरता भाग आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाहून बारीक असते. कंपनीनं ती ठरावीक घट्टपणाचं तेल धरूनच ठेवलेली असते. उसाचा रस स्ट्रॉनं ओढा आणि काकवी ओढून बघा! गाडी सुरू केल्यावर जाड तेल उशिरा पोचतं, घर्षण वाढतं, डिझेल जास्त लागतं. तेलाचा दाब जास्त दिसतो, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो याच तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

मग चुकलं कुठे?

मामाच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं होतं. आम्ही टाकलं २०डब्ल्यू-५०. पण दोष नुसत्या जाडीचा नव्हता. 'जाड तेल जास्त टिकतं' म्हणून मामानं बदलायची मुदतही बरीच लांबवली. टर्बोला तेल नेणारी बारीक नळी उघडली तेव्हा आतून काळ्या काजळीनं भरलेली होती. शिवाय घाट चढून ढाब्यावर थांबलं की लगेच चावी बंद करायची मामाची सवय. तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथेच जळतं.

आता आम्ही काय पाहतो

पहिलं, मॅन्युअल. त्यात एकाहून जास्त ग्रेड दिलेले असतील तर भरलेल्या, घाटातल्या गाडीला त्यातलाच वरचा घ्यावा. जुनं, तेल पिणारं इंजिनही तसंच. यादीबाहेर जाऊ नये.

दुसरं, ग्रेडशेजारची अक्षरं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सहसा धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जळून जाते, पण तेलाची राख तशीच राहते. म्हणून त्यांना कमी राखेचं तेल लागतं. मॅन्युअलमध्ये सीके-४ किंवा आणखी काही लिहिलं असेल, ते डब्यावर जुळलं पाहिजे.

तिसरं, मुदत. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते.

चौथं, चढानंतर मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवून मग बंद करायची.

तरुण दोस्तांसाठी दोन गोष्टी. चिप बसवून पिकअपचा जोर वाढवला की उष्णता वाढते आणि कंपनीचा हिशेब बदलतो. मग नुसतं जाड तेल ओतून भागत नाही, चांगलं सिंथेटिक आणि कमी मुदत हवी. आणि घरात उरलेलं कारचं तेल बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' पाहूनच घ्या.

मामाची गाडी आता पुन्हा धुळ्याची फेरी करते. मॅन्युअलमधल्या तेलाच्या पानाचा फोटो मी त्याच्या मोबाइलमध्ये ठेवून दिला आहे. गॅरेजमध्ये तो बोलत नाही, फोटो पुढे करतो. टर्बोच्या पैशांत निम्मा वाटा मी उचलला. मामा नको म्हणत होता, पण सल्ला माझा होता.

येत्या रविवारी बाबांच्या, काकांच्या गाडीतला तो खण उघडा. पिशवीतलं पुस्तक बाहेर काढून ते एक पान त्यांच्यासोबत वाचा. माहीत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणा. मला तेवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी.