पितळेचा गांधार

सांगली आणि मिरज या दोन नगरांच्या मध्ये वसलेल्या विश्रामबागेला विद्येचा शेजार जुना आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या सान्निध्यात ही वस्ती वाढत गेली. संगीताचा शेजारही तिला तितकाच थोर लाभला आहे. एका अंगास विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ती सांगली, तर दुसऱ्या अंगास अब्दुल करीम खाँसाहेबांचा देह १९३७ साली जेथील दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांत झाला ती मिरज. या दोहोंच्या मधोमध, एका लहानशा क्लबाच्या दिवाणखान्यात, पौषातल्या थंडीत ब्रास बँडची रात्रभर चाललेली बैठक ऐकण्याचा योग मला आला. आणि ज्या वाद्यमेळाची ओळख आपल्याला वरातीच्या धुळीतूनच होते, त्याचे अंतरंग प्रथमच माझ्यासमोर उलगडले.

लग्नसराईस अवकाश होता, म्हणून वादक मोकळे होते. जरीच्या फितींचा तो रस्त्यावरचा पोशाख घरी ठेवून, साध्या सदऱ्यांत, जाजमावर मांडलेल्या खुर्च्यांवर ते बसले. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक कॉर्नेट, युफोनियम, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, मागे साइड ड्रम, ढोल आणि झांज असा सरंजाम होता. बँडमास्तरांच्या मांडीवर स्वरलिपीची एक वही होती. तिचे कोपरे वापराने गोल झाले होते.

प्रारंभीची अर्धी घटका निव्वळ उष्णतेच्या साधनेत गेली. पितळेच्या नळीत जो हवेचा स्तंभ कंप पावतो तो थंड असला म्हणजे स्वर उतरतो, आणि श्वासाने तापत गेला म्हणजे चढतो. म्हणून कसबी वादक थंड वाद्याचा सूर लावून मोकळा होत नाही, तर आधी त्यात नुसती ऊब फुंकतो, मग सरकती नळी किंचित बाहेर ओढून काळी पाचच्या षड्जाशी ताडून पाहतो, आणि पुन्हा फुंकतो. मुखनलिकेवर ओठ टेकवून ते कंपित करणे, हे या विद्येचे मूळ होय. बोटांच्या कळा तीनच. मधली दाबली की स्वर अर्ध्या सुराने उतरतो, पहिलीने पूर्ण सुराने, तिसरीने दीड सुराने. एकही कळ न दाबता, केवळ ओठांचा ताण वाढवीत गेले असता नळीतून षड्ज, पंचम, वरचा षड्ज आणि त्याच्याही वर गांधार असे स्वर क्रमाने उमटतात.

मास्तरांनी आरंभास भूप घेतला, तो याच कारणास्तव असावा असे मला वाटते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, आणि वादी स्वर तर गांधारच. मध्य सप्तकातल्या रिषभासाठी पहिली व तिसरी कळ एकत्र दाबावी लागते, आणि असा दोन कळांचा स्वर स्वभावतःच चढा लागतो. ट्रम्पेटवाले गृहस्थ तिसऱ्या कळेची नळी बोटाने पुढे सारून त्याला जागेवर आणीत होते, आणि ही दुरुस्ती इतक्या सहजतेने चालली होती की शेजारी बसलेल्याखेरीज कोणाच्या ध्यानी येऊ नये. तार सप्तकात पोचल्यावर मात्र सर्व कळा सोडून त्यांनी गांधार मोकळ्या नळीतून घेतला. तो सोबतीच्या पेटीच्या गांधाराहून किंचित उतरलेला होता. पेटीवाल्याने भुवई उंचावली, तोच श्रोत्यांतून मिरजेचे एक वयोवृद्ध तंतुवाद्य कारागीर उद्गारले, "मास्तर, तो गांधार पेटीला विचारू नका, तंबोऱ्याला विचारा!"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो, तोच निसर्गनियम मोकळ्या नळीत नांदतो. पेटीतील सर्व अर्धस्वर समान अंतरावर बसविण्याच्या तडजोडीत तो हरवतो. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा व्यवसाय उभारणारे शिकलगार मूळचे हत्यारांचे कारागीर. आणि बँडची वाद्ये घडविणारी मेरठची जुनी पेढी १८८५ सालची, तिचा उगमही लष्करी बँडांच्या आश्रयात. दोन्ही कला फौजेच्या सावलीतून निघाल्या आणि येथे, काही कोसांच्या टापूत, एकमेकींस ओळखू लागल्या, याचे मला त्या रात्री मोठे अप्रूप वाटले.

मध्यरात्रीनंतर नाट्यपदांची पाळी आली. 'मानापमान' हे १९११ सालचे नाटक सांगलीच्याच खाडिलकरांचे आणि संगीत गोविंदराव टेंब्यांचे, तेव्हा त्यातले पद वाजू लागताच श्रोते सावरून बसले. येथे खरी कसोटी होती. कळेचे काम तुटक असते, आणि मराठी गायकीचा प्राण मींडेत. ट्रॉम्बोनला सरकत्या नळीमुळे ती सुलभ, क्लॅरिनेटवाला छिद्रावरचे बोट हळूहळू उचलून ती साधतो. ट्रम्पेटवाल्याने मात्र कळ अर्धी दाबून आणि ओठ सैल करून निषादावरून धैवतावर असा काही उतार घेतला की गळ्याचा भास झाला. लांब ओळ एकाने ओढायची, त्याचा दम संपण्यापूर्वीच दुसऱ्याने त्याच स्वरावर अलगद मिसळायचे, आणि पहिल्याने तेवढ्यात श्वास भरून घ्यायचा, हा व्यवहार एकाही इशाऱ्यावाचून चालला होता. अशी तालीम वर्षानुवर्षे एकत्र बसल्याविना येत नाही.

लहान दालनात हलके वाजविणे हे मोठ्याने वाजविण्याहून अधिक श्रमाचे असते, हेही तेथे उमगले. श्वास रोखून धरावा लागतो, ओठ थरथरतात, स्वर फुटण्याचे भय असते. रस्त्यावर डॉल्बीच्या भिंतींशी झुंजताना हीच माणसे जिवाच्या आकांताने फुंकतात आणि त्यांच्या कलेतला सर्व नाजूकपणा आपण ऐकूच शकत नाही. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे श्रोत्यांच्या हाती आहे असे माझे ठाम मत आहे. गावोगावच्या क्लबांनी वर्षाकाठी एक रात्र जरी बँडाला बसून वाजविण्यास दिली, तरी या वादकांना रस्त्यापलीकडचा श्रोता मिळेल.

पहाटे बैठक संपली. वादकांनी नळ्यांतले साचलेले पाणी काढले, कळांना तेलाचे थेंब दिले, बिदागीची वाटणी झाली. मास्तर वही बांधता बांधता त्या मिरजेच्या वृद्ध कारागिरांकडे गेले आणि तालमीसाठी एखादा तंबोरा काही दिवस मिळेल का, असे त्यांनी अदबीने विचारले.

"रविवारी या दुकानी," ते म्हणाले, "पण ते ट्रम्पेटवाले बरोबर आणा. तारा त्यांच्यासमोरच जुळवू."